अण्णांचा झ

पनवेलात कधी आलात आणि एखाद्या जुन्या झेरॉक्सच्या दुकानापुढे उभे राहिलात, तर पाटीवरच्या पहिल्या अक्षराकडे जरा नीट बघा. तो झ चुकलेला आहे. डावीकडे कललाय, पोट वर चढलंय, आणि शेजारच्या अक्षरांशी त्याचं काही जमत नाही. गिऱ्हाइकाला ते कळत नाही, दुकानदारालाही कळत नाही. मला कळतं, कारण तो मी काढलाय. गेली कित्येक वर्षं मी त्या पाट्यांखालून मान खाली घालून जातो.

मी पाट्या रंगवणारा माणूस. लिहिणं हाच धंदा खरा, पण दोन-चार शब्दांचं. एवढं लांबलचक कधी लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, सांगतोही. पण मला खरं सांगायचंय ते अण्णांबद्दल. त्यांचं अक्षर मी त्यांना न विचारता दुसऱ्याच्या हवाली केलं, त्याबद्दल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

अण्णा झिराडकर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. लाइन आळीच्या तोंडाशी त्यांचा एक गाळा होता, इतका अरुंद की मोठी पाटी असली तर रंगवायला बाहेर काढावी लागे. मी त्यांच्याकडे आलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि मुंबईतल्या एका पेंटरकडची चार वर्षांची उमेदवारी माझ्या गाठीला होती. मला वाटायचं, मला सगळं येतं. अण्णांनी पहिल्या दिवशी मला एक कोरा पत्रा दिला आणि म्हणाले, "यावर काहीच काढू नको. नुसता बघ." मी दहा मिनिटं बघितला. "काय दिसलं?" म्हणाले. मी म्हटलं, "पत्रा." ते म्हणाले, "बरं. उद्या परत बघ."

असा माणूस. चिडावं की हसावं कळायचं नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्र्याला आधी गंज लागू नये म्हणून एक हात, मग जमिनीच्या, म्हणजे अक्षरांमागच्या रंगाचे दोन हात. तो वाळला की खडूच्या पुडीत घोळलेला दोरा दोन बाजूंनी ताणायचा आणि मधून चिमटीत धरून सोडायचा. फाट्‌कन सरळ रेघ उमटते. वर एक, खाली एक. या दोन रेघांच्या मध्ये अक्षर उभं करायचं. एका हातात टेकू, म्हणजे टोकाला चिंधीचा बोळा बांधलेली काठी, ती पत्र्याला टेकवायची आणि तिच्यावर ब्रशचा हात ठेवायचा, म्हणजे मनगट हलत नाही. मग चपट्या ब्रशने एका दमात रेघ. मध्ये थांबलात तर सांधा दिसतो, आणि सांधा दिसला की अण्णा काही बोलायचे नाहीत, नुसते टर्पेंटाइनचा डबा पुढे सरकवायचे. म्हणजे पूस.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "रेघ बघू नको, दत्ता. रेघांमधला उजेड बघ." दोन काळ्या रेघांमध्ये जी मोकळी जागा राहते तिच्यामुळे अक्षर वाचता येतं. जागा बुजली की अक्षर मेलं. मी मुंबईत चार वर्षं काढली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ते अक्षर कसं जन्मलं ते सांगतो. पळस्प्याच्या फाट्यावर एका गृहस्थाने खानावळ काढली. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे वळतात. गृहस्थ हौशी. नाव ठेवलं 'रुचिसंगम शुद्ध शाकाहारी भोजनालय'. आणि पाटीला जागा किती? दरवाजावरची एक फळी, हातभर उंच आणि दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब. वर त्याचं म्हणणं, सगळी अक्षरं एका ओळीत पाहिजेत आणि गाडीतून जाणाऱ्या माणसाला वाचता आली पाहिजेत. मी म्हटलं, "शेठ, शुद्ध नाहीतर शाकाहारी, एक काहीतरी काढा." तो म्हणाला, "मग तुम्हाला कशाला बोलावलं?"

अण्णांनी काय करावं? ते पनवेल स्टँडवर जाऊन पेणच्या एस.टी.त बसले. खिडकीशी. पळस्प्याला ती फळी दिसायला लागली की मनात आकडे म्हणायला सुरुवात, फळी मागे गेली की थांबायचं. पुढच्या थांब्यावर उतरायचं, उलट्या गाडीने परत. असं तीनदा केलं. कंडक्टरने विचारलं, "काका, काही विसरलंय का?" संध्याकाळी गाळ्यावर येऊन म्हणाले, "सातपर्यंत मोजून होतं. एवढ्यात वाचून झालं पाहिजे."

आणि मग चार दिवस ते जुन्या पत्र्यावर नुसत्या रेघोट्या मारत बसले. गोलाई गेली पाहिजे, असं त्यांचं ठरलं. गोलाई रुंदी खाते. व चं पोट, क चं पोट, सगळ्यांना कोन. अक्षरं उंच, अंगाने चिंचोळी, पण रेघ जाडजूड. शिरोरेघ वर पट्टीसारखी. काना म्हणजे खांब. वेलांटी गोल वळून न येता छपरासारखी तिरकी उतरायची. पाचव्या दिवशी फळीवर ते नाव उभं राहिलं आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं तर माझ्या तोंडून "अरे बाप रे" एवढंच आलं. सगळी अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी, आणि तरी एकही दुसऱ्याच्या पायावर पाय देत नव्हतं.

खानावळवाला म्हणाला, "ही अक्षरं म्हणजे कर्नाळ्याचा सुळका झाली की हो!" तेव्हापासून त्या अक्षराचं नाव सुळका. आम्ही नाही ठेवलं, लोकांनी ठेवलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रकवाले यायचे ते, "अण्णा, सुळक्यात मारा," असंच म्हणायचे. ट्रकच्या केबिनवरची पट्टी अरुंद असते आणि प्रत्येकाला तिच्यावर आई, वडील, देव आणि दोन मुलं, सगळे हवे असतात. सुळक्यात ते बसायचे.

एकदा एक डॉक्टर आले. नवा दवाखाना. त्यांनाही सुळकाच पाहिजे. अण्णा म्हणाले, "तुम्हाला नाही देणार." डॉक्टर चकित. अण्णा म्हणाले, "हे अक्षर ओरडतं, डॉक्टर. तापाने फणफणलेला माणूस दारात येणार आणि तुमची पाटी त्याच्या अंगावर ओरडणार. घाबरेल बिचारा." आणि त्यांना गोल, शांत अक्षर काढून दिलं. डॉक्टर जरा नाराज होऊन गेले. पुढे त्यांनीच चार जणांना आमच्याकडे पाठवलं.

सुळक्याची खरी कदर कुणाला होती, तर चांगुणाबाईला. उरणच्या बाजूची कोळीण. नवऱ्याची होडी, आणि ती स्वतः आठवड्यातून तीनदा पनवेलच्या बाजारात मासे घेऊन यायची. दर वर्षी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की जुना रंग खरवडायचा आणि नारळी पौर्णिमेच्या आत नाव नव्याने घालायचं, अशी त्यांची रीत. आणि नाव त्याच हाताने घालायचं, गेल्या वर्षी ज्याने घातलं त्याच. हात बदलला तर होडी रुसते म्हणतात. आम्ही डबे घेऊन एस.टी.ने जायचो. अण्णा चिखलात बसून 'एकविरा माउली' काढायचे आणि ती कमरेवर हात ठेवून मागे उभी राहायची.

"अन्ना, जरा उंच करा ना."

"अगं बाई, फळी संपली. आता काय आकाशात काढू?"

"काडा! मना वाचता येत नाय. पन बंदरावं हुबी रायली का माजी होरी कंची ती लांबशी वलकाया पायजे. बाकीच्यांची नावा वलवलतात. तुमचा अक्षर कसा, मानूस हुबा असल्यावानी दिसतंय."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. येताना गाडीत मला म्हणाले, "शिकलेली माणसं अक्षर वाचतात, बघत नाहीत. ही बाई बघते." मला वाटतं, आयुष्यात अण्णांना मिळालेली ती सगळ्यात मोठी पावती.

आता झ ची गोष्ट. सुळक्यात झ नव्हता. झ म्हणजे मोठं बिऱ्हाड. डावीकडे दोन वळणं, खाली शेपटी, मधून आडवी दांडी, मग काना. एवढी मंडळी त्या चिंचोळ्या खोलीत मावेनात. मावली तर उजेड जायचा, उजेड ठेवला तर झ वाटायचा नाही. अण्णांनी पुष्कळ डोकं लावलं आणि सोडून दिलं. नावात झ असलेलं गिऱ्हाईक आलं की त्याला गोल अक्षरावर वळवायचे. आणि गंमत म्हणा की नशीब म्हणा, त्यांचं स्वतःचंच आडनाव झिराडकर. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव बारीक घालायची पद्धत, तिथे ते नुसतं 'अण्णा' घालायचे. "स्वतःच्या घरात स्वतःला जागा नाही बघ," असं म्हणून हसायचे. मला त्या हसण्यामागचं तेव्हा कळलं नाही.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शेवटी ती लागणार आहे. बाजाराच्या नाक्यावर एक काळा फळा होता. गावात कुणी गेलं की त्यावर खडूने लिहायचं. नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. सकाळी कामाला निघालेली माणसं तिथे थांबून वाचायची आणि मग ठरवायची, ऑफिसला जायचं की स्मशानात. तो फळा अण्णा लिहायचे. फुकट, वर्षानुवर्षं. आणि कधीही सुळक्यात नाही. साध्या गोल अक्षरात, जरा बारीकच. "मरणाची बातमी हळू आवाजात सांगायची असते, दत्ता. बोंब मारायची नसते." दुसरं कुणी गेलं की आधीचं नाव ओल्या फडक्याने पुसायचं आणि नवं लिहायचं.

नव्वद साल उलटून गेलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आणि गावात कॉम्प्युटर आला.

कंप आधी टेकूने लपवला. मग टेकूही हलायला लागला. एक दिवस एका पाटीवर त्यांनी रेघ ओढली आणि ती मध्येच थरथरली. त्यांनी स्वतःच टर्पेंटाइनचा डबा पुढे घेतला, पुसलं, आणि ब्रश माझ्या हातात दिला. तेव्हापासून पाट्या मी काढायचो, अण्णा स्टुलावर बसून बघायचे. फळाही मीच लिहायला लागलो. पण कुणीही आलं तरी म्हणायचं, "वा, अण्णांचं अक्षर!" घाम माझा, रात्री पाठ माझी दुखणार, आणि अक्षर अण्णांचं. मी हसून मान हलवायचो. आत काहीतरी टोचायचं. लपवत नाही आता.

कॉम्प्युटरवाल्या पोराचं नाव नितीन. पोरगा चांगला, अदबशीर. त्याने दुकान थाटलं आणि एक यंत्र आणलं. ते रंगीत चिकटपट्टीच्या कागदातून अक्षरं कापायचं. आपल्याकडे त्याला सगळे रेडियम म्हणतात. तासाभरात पाटी तयार. वाळायची वाट बघायला नको. एक दिवस मला चहा पाजत म्हणाला, "दत्ताकाका, तुमचं ते उंच टोकदार अक्षर माझ्या यंत्रात पाहिजे. लोक तेच मागतात. तुम्ही क पासून ज्ञ पर्यंत मला कागदावर काढून द्या, मी ते कॉम्प्युटरमध्ये घालतो. मग तुमचं अक्षर कधी मरायचं नाही."

तुमचं अक्षर, असं म्हणाला. मी तिथेच बोलायला हवं होतं, बाबा रे, माझं नाही, अण्णांचं आहे. नाही बोललो. चहा पीत राहिलो. तो गोड होता, एवढं आठवतं.

माझ्या मनाशी मी कारणं जुळवली. अण्णांचा हात गेला, माझाही कधीतरी जाणार, मग सुळका संपणार. त्यापेक्षा हे बरं. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, एकदा तरी कुणीतरी ते अक्षर माझं म्हणावं.

अण्णांचा एक दंडक होता. एकटं अक्षर काढायचं नाही. क किती रुंद हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं, शेजार बघितल्याशिवाय क काढायचाच कसा? अख्खी वर्णमाला त्यांनी कधी एका कागदावर काढली नव्हती. मी घरी चार दुपारी बसून ती काढली. प्रत्येक अक्षर वेगळं, आपापल्या चौकोनात, शेजार नसलेलं. बायकोने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "नमुने."

आणि झ आला. झ कुठून आणणार? जे अण्णांना पंधरा वर्षांत जमलं नाही ते मी अर्ध्या तासात उरकलं. शेपटी तोडली, वळणं दाबली, सगळं वर ढकललं. लांबून बघितलं तर इ ला कुणी काठी टेकवलीय असं दिसत होतं. म्हटलं, झ कुणाला लागतो? कितीसे झिराडकर आहेत गावात?

आणि पुढच्या दोन वर्षांत गल्लोगल्ली झेरॉक्सची दुकानं निघाली!

नितीनने एकदा मला यंत्रासमोर बसवून अक्षरांच्या नावांची यादी दाखवली. त्यात होतं, 'दत्ता बोल्ड'. "काका, तुमच्या नावाने ठेवलंय," म्हणाला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी छाती फुगली. घरी जाताना नाक्यावर अण्णा भेटले आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. भर दिवसा, एवढा मोठा माणूस मी, एखादी चोरी करून पळावं तसा.

पहिली झेरॉक्सची पाटी लागली ती अगदी आमच्या चहाच्या वाटेवर. अण्णा आणि मी निघालो होतो. अण्णा थांबले. मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "टेकू लावून काढलेलं नाही हे." आणि चालायला लागले. चहाच्या टपरीवर कुणीतरी विषय काढला तर म्हणाले, "छान आहे की. पटकन होतं, लोकांची सोय झाली." मी सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं असणार, मशीनने पाट्या बघून आपोआप उचललं. किती मूर्ख असावं माणसाने!

गाळ्यावरचं काम आटत गेलं. ट्रकवाले रेडियमकडे गेले, दुकानवाले गेले. शेवटी मीही गेलो. नितीनच्या दुकानात बसून कापलेल्या अक्षरांमधला फालतू कागद चिमट्याने सोलून काढायचं काम करायला लागलो. सुळक्याच्याच अक्षरांमधला. रेघांमधला उजेड मी आता नखाने काढत होतो. गाळा बंद झाला त्या दिवशी अण्णांनी टेकू तेवढा घरी नेला.

होड्यांचं मात्र अजून रंगानेच चालायचं, खाऱ्या पाण्यात रेडियम टिकत नाही. एका वर्षी चांगुणाबाईच्या मुलाने हौसेने रेडियम लावलं, ते दोन महिन्यांत सोलून गेलं. ती बाजारात मला गाठून म्हणाली, "अन्नांचा हात बरा झाला का सांग. तवर मी बिननावाची होरी चालवीन, पन दुसऱ्या कोनाचा हात लावनार नाय." मी म्हटलं, मी काढतो की. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू बरा हायस. पन अन्ना ते अन्ना."

मग एका दुपारी अण्णांच्या घरून वहिनींचा निरोप आला, जरा येऊन जा. अण्णा आता बहुतेक वेळ खाटेवरच असायचे. दोन्ही हात हलायचे, बोलणं सावकाश झालेलं. वहिनींनी चहा ठेवला. अण्णांनी नातवाची पाटी मागवली आणि पेन्सिल मला द्यायला सांगितली.

"झ काढ. सुळक्यात."

मी पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल हातात तशीच.

"काढ रे. येतो ना तुला? गावभर लावलायस."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. मी कसंबसं विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बाकीची अक्षरं माझी होती. झ माझ्याकडे नव्हता. मग कुणाचा असणार? सुळका येतो असा दुसरा माणूस एकच."

माझा बांध फुटला. बाप गेला तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. वहिनी आतून आल्या आणि दारातच थांबल्या. अण्णा म्हणाले, "पुरे पुरे. पाटी भिजेल. मला झ बघायचाय." मग म्हणाले, "आणि ते दत्ता बोल्ड, टपरीवर ऐकलं मी. नाव छान आहे. पण तू कसला बोल्ड रे, मला विचारायला घाबरलास."

"चुकलं, अण्णा."

"अक्षर दिलंस त्याचं काही नाही. अक्षर काय कपाटात कुलूप लावून ठेवायचं असतं? माझ्याकडून तुझ्याकडे आलं, तुझ्याकडून आणखी कुणाकडे. पण विचारायला हवं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"नसतो म्हणालो. म्हणालो असतो, झ राहिलाय, तो दोघं मिळून काढू."

एवढं ऐकल्यावर मला जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. त्यांना राग नव्हता हो. राग असता तर सोपं गेलं असतं.

मग त्या दुपारी त्यांनी मला झ शिकवला. हात चालत नव्हता म्हणून तोंडाने. "वरून सुरू करू नको. आधी काना उभा कर. आता आडवी दांडी खाली घे. आणखी खाली. हां. डावीकडची दोन वळणं विसर, दोन कोन घे, वरचा लहान, खालचा मोठा. शेपटी काढूच नको. तिथे नुसती चीर सोड, उजेडाची. माणसाचा डोळा स्वतः शेपटी लावून घेतो." मी काढला, पुसला. काढला, पुसला. सहा वेळा झालं. त्यांची मान नकार देत होती, की कंपामुळे हलत होती, ते कळायला त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागे. सातव्यांदा ते डोळे थांबले.

"हा," म्हणाले.

बराच वेळ बघत राहिले. मग वहिनींना हाक मारली, "बघ गं, आता आमचं नाव लिहिता येईल." वहिनी म्हणाल्या, "मग लिहा की भाऊजी, पाटी आहेच." अण्णा म्हणाले, "आज नको. दमलो. परत ये." मी उठलो तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला टेकू मला न्यायला सांगितला.

मी तसाच नितीनकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं, अक्षर कुणाचं होतं तेही. पोराचा चेहरा पडला. त्याने आपल्या यंत्रातला झ काढून टाकला, नावही बदललं. पण ती अक्षरं फ्लॉपीवरून केव्हाच बाहेर गेली होती. कळंबोलीला एक दुकान, पेणला एक, तिथून पुढे कुठे, त्यालाच ठाऊक नव्हतं. "काका, आता ते परत कसं आणणार?" म्हणाला. लागलेल्या पाट्या तर कोण उतरवणार?

मी परत जाणार होतो अण्णांकडे. या रविवारी जाऊ, त्या रविवारी जाऊ, असं करत तीन रविवार गेले. खरं म्हणजे त्यांच्यापुढे बसायला धीर होत नव्हता. चौथ्या आठवड्यात सकाळी उजाडता उजाडता त्यांचा मुलगा दारात उभा. "दत्ताकाका, अण्णा गेले. फळा तुम्हीच लिहा, आई म्हणालीय."

मी खडू आणि टेकू घेऊन नाक्यावर गेलो. फडक्याने फळा पुसला. वर 'निधन' लिहिलं, साध्या गोल अक्षरात, बारीक, त्यांनी शिकवलं तसं. खाली वय, अंत्ययात्रेची वेळ, राहतं घर. मध्ये नावाची जागा मोकळी सोडली होती. मरणाची बातमी हळू आवाजात सांगायची, हे मला ठाऊक होतं. सांगणाराच गेला होता. आणि मला त्या दिवशी बोंब मारायची होती.

मी दोरा मारला. वर एक रेघ, खाली एक. टेकू फळ्याला लावला आणि खडू आडवा धरून जाड रेघेने सुळक्यात नाव उभं केलं. अण्णा झिराडकर. आधी काना, मग खाली दांडी, दोन कोन, उजेडाची चीर. पहिल्याच दमात आला. मागे सरून बघितलं. त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या अक्षरात पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं आणि बघायला ते नव्हते.

माणसं थांबायला लागली, वाचून चुकचुकायला लागली. मी खडूचे हात पुसत तिथेच उभा होतो. तेवढ्यात बाजाराच्या बाजूने चांगुणाबाई आली, डोक्यावर माशांची पाटी, मागून दुसऱ्या दोघी. लांबूनच तिची नजर फळ्यावर गेली आणि ती भराभर चालत पुढे आली. चेहरा असा फुललेला की विचारू नका.

"अन्नांनी लिवलंय ना ह्ये? हात बरा झाला त्यांचा! मी म्हनत व्हते ना, बरा व्हनार म्हनून!" मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, "बगा गो, आमचे होरीवरचा अक्षर!"

वाचता येणारी सगळी माणसं खाली बघायला लागली. तिने माझ्याकडे बघितलं.

"काय लिवलंय रं त्यांनी?"

मला सांगावं लागलं. तिने डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी सावकाश खाली उतरवली, रस्त्यावरच. फळ्याजवळ गेली. नावाला हात लावेल असं वाटलं, पण खडू पुसला जाईल म्हणून बोट लांबच ठेवलं. ज्या अक्षरापाशी ते थांबलं ते झ होतं. तिला ते माहीत असायचं कारण नाही.

"मंग ह्ये कोनी लिवलं?"

"मी," म्हटलं.

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "नारली पुनवेच्या आदी ये. डबं घेऊन ये." आणि आमच्याबरोबर ती अनवाणी स्मशानापर्यंत आली. मासे तिथेच नाक्यावर राहिले.

दुसऱ्या दिवशी गावात आणखी कुणीतरी गेलं. फळा मलाच लिहायचा होता. फडकं ओलं केलं आणि रीतीप्रमाणे पुसलं. अण्णांचा झ पनवेलात एक दिवस होता. माझा अजून आहे.